थंडीत पाने गळालेले झाड मेलेले नसते

डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या वेळी विदर्भातील कुठल्याही वस्तीतून एक फेरी मारावी. कचऱ्याच्या ढिगापाशी मातीच्या गोळ्यासकट उपटून टाकलेली झाडे दिसतात. कुठे पाने झडलेले क्रोटन असते, कुठे मान टाकलेले अ‍ॅडेनियम, तर कुठे नुसत्या काड्या उरलेला खुरचाफा. "थंडीनं मेलं," असे घरची मंडळी सांगतात आणि रिकामी कुंडी भिंतीशी पालथी घालून ठेवतात. वाचक बंधू-भगिनींनो, आमचे आजचे सांगणे या फेकलेल्या झाडांविषयी आहे. त्यांतली बरीचशी झाडे मेलेली नसतात, ती नुसती गारठलेली असतात. आणि जी खरोखर मरतात, त्यांतल्याही अनेकांना थंडीने मारलेले नसते. थंडीच्या दिवसांत आपण मायेने ओतलेल्या पाण्याने मारलेले असते.

आपल्या घरांना मोठमोठ्या बागा नाहीत. क्वार्टरच्या जिन्याखाली, पत्र्याच्या घरासमोरच्या ओट्यावर, स्लॅबच्या कठड्यालगत आठ-दहा कुंड्या, हीच आपली बाग. त्यातही निम्म्या कुंड्या म्हणजे तेलाचे डबे आणि रंगाच्या बादल्या. पण त्यातले एकेक झाड कोणाच्या तरी हौसेचे असते. घरखर्चातून वाचवलेल्या पैशांतून ते आणलेले असते, नाही तर माहेरच्या अंगणातून फांदी आणून जगवलेले असते. तेव्हा ते फेकण्यापूर्वी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात, एवढ्याचसाठी हा लेख.

ही झाडे आली कुठून?

आपल्या ओट्यावरची शोभेची झाडे बहुतेक उष्ण आणि दमट मुलखातली आहेत. क्रोटन इंडोनेशियापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंतच्या पट्ट्यातले. मनीप्लांट त्याच महासागरातल्या मोरिया नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. अ‍ॅग्लोनिमा आग्नेय आशियातला. डिफेनबेकिया मध्य व दक्षिण अमेरिकेतील जंगलांतला, अ‍ॅन्थुरियम कोलंबिया-इक्वेडोरकडचा. अरेका पाम मादागास्करचा. अ‍ॅडेनियम पूर्व आफ्रिका व अरबस्तानच्या कोरड्या भागातले. आपण ज्याला अगदी आपलाच समजतो तो खुरचाफादेखील मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा आहे. या झाडांच्या कुळाने पिढ्यानपिढ्या कडाक्याची थंडी पाहिलेलीच नाही, म्हणून त्यांच्या अंगी तिला तोंड देण्याची सोयही नाही.

मुंबई-कोकणात किंवा गोव्यात त्यांचे फारसे अडत नाही. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, पण तो अपवादच. समुद्र जवळ असल्यामुळे तिथली रात्र सहसा फार गार होत नाही. नागपूरची गोष्ट निराळी. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारे हे शहर २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. गोंदिया, नाशिककडचे निफाड, महाबळेश्वरचा वेण्णा तलावाचा परिसर ही नावे तर दर हिवाळ्यात बातम्यांत असतातच. मुंबईच्या नातेवाइकांकडे बारा महिने हिरवेगार राहणारे झाड आपल्याकडे आणले की डिसेंबरात मान टाकते, ते यामुळे. त्यात आपल्या हाताचा गुण-अवगुण काही नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हातगाडीवर, आठवडी बाजारात जी टवटवीत झाडे विकायला येतात त्यांतली पुष्कळशी आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून येतात. गोदावरीच्या त्या त्रिभुज प्रदेशात रोपवाटिकांची मोठी पेठ आहे आणि तिथून देशभर मालमोटारी जातात. तिथल्या उबदार, दमट हवेत, हिरव्या जाळीखाली वाढलेले झाड दोन-तीन दिवसांत नागपूर-गोंदियाच्या उघड्या ओट्यावर येऊन पडते. त्याला सवय व्हायला अवधीच मिळत नाही. तेव्हा अशी नाजूक झाडे फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा पावसाळ्याच्या तोंडावर विकत घ्यावीत. पावसाळाभर आपल्याकडे रुजलेले झाड पहिला हिवाळा पुष्कळ बरा सोसते.

थंडी नेमके काय करते?

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली सकाळी थिजलेली असते. ती उन्हात ठेवल्यावरच तेल ओघळते. झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती जो पातळ पडदा असतो, त्यातही स्निग्ध पदार्थ असतात. उष्ण मुलखातल्या झाडांच्या बाबतीत पारा १०-१२ अंशांच्या खाली बराच वेळ राहिला की हे पदार्थ तेलासारखेच घट्ट होऊ लागतात. मग पडद्याचे काम बिघडते आणि पेशीतला रस पाझरू लागतो. डिफेनबेकियाच्या पानावर पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग पडतात ते यामुळे. त्यासाठी बर्फ पडायला हवा असे मुळीच नाही. दंव न पडताही नुसत्या गारव्याने ही इजा होते.

पानांची इजा डोळ्यांना दिसते, मुळांची दिसत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. माती गार झाली की मुळांची पाणी ओढण्याची शक्ती कमी होते. कुंडीत पाणी असते, पण झाडाला ते घेता येत नाही. दिवसा ऊन व कोरडे वारे पानांतून पाणी उडवतच असतात. परिणामी पाने लोंबतात. आपण पाहतो आणि म्हणतो, "अगं बाई, तहानलंय!" आणि तांब्याभर पाणी ओततो. दुसऱ्या दिवशीही तेच. माती सतत चिखलासारखी ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे तर पाणी घेऊच शकत नाहीत, म्हणून झाड आणखी कोमेजते आणि आपण आणखी पाणी घालतो. थंडीने झाड आजारी पडते, आणि त्याचा जीव या पाण्याने जातो.

आपल्या भागातली काळी माती या बाबतीत फार घातक. ती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. कुंडी भरताना तिच्यात जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळलेले असावे. कुंडीचे, डब्याचे, बादलीचे बूड फोडून पाणी जायला वाट केलेली असावी. ज्या डब्याला भोकच नाही, त्यातले झाड पावसाळा कसाबसा काढील, पण हिवाळा काढणे कठीण.

पाणी केव्हा आणि किती?

बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावीत. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. उन्हाळ्यात रोज पाणी मागणाऱ्या कुंडीला डिसेंबर-जानेवारीत चार-पाच दिवसांनी, मोठ्या कुंडीला त्याहूनही उशिरा पाणी पुरते. पाणी द्यायचे ते सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन अंगावर आल्यावर. संध्याकाळी पाणी घातले की रात्रभर माती गार आणि पाने ओली राहतात. पानांवर पाणी शिंपडण्याची हौस हे दोन महिने आवरावी.

रात्रभर गच्चीवरच्या टाकीत राहिलेले पाणी सकाळी हाताला झोंबते, ते तसेच मुळांशी घालू नये. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी हिवाळ्यात कोमट लागते, ते चांगले. ते नसेल तर बादली तासभर उन्हात ठेवावी. झाडासाठी पाणी चुलीवर तापवण्याची मात्र काही गरज नाही.

इथे एक शंका कोणी काढील. शेतकरी तर थंडीची लाट येणार म्हटले की मुद्दाम पाणी देतात. निफाडकडचे द्राक्षबागाईतदारही देतात. मग आम्ही उलटे का सांगतो? उत्तर असे की जमिनीतली गोष्ट वेगळी. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. शिवाय जमिनीतले जास्तीचे पाणी खाली झिरपून जाते. तेव्हा अंगणातल्या जमिनीत लावलेल्या झाडांना थंडीची लाट येण्याआधी सकाळच्या वेळी पाणी अवश्य द्यावे. कुंडी मात्र चारी बाजूंनी उघडी असते. तिच्यात उष्णता साठायला जागा कमी आणि पाण्याला जायला वाट कमी. तिला माफक ओल पुरे.

कुंड्या कुठे ठेवाव्यात?

दिवसा तापलेली जमीन, भिंती, झाडे रात्री आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत असतात. ढग असले की ही उष्णता काहीशी अडते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की ती सरळ निघून जाते. म्हणून ढगाळ रात्र उबदार आणि चांदण्यांनी भरलेली रात्र बोचरी. सर्वात जास्त थंडी मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या सुमारास असते. हवामान खाते जे तापमान सांगते ते जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेले असते. उघड्यावर जमिनीलगतच्या पानाचे तापमान अशा रात्री त्याहून दोन-चार अंशांनी कमी असू शकते. बातमीत ८ अंश ऐकले तर उघड्या स्लॅबवरच्या आपल्या क्रोटनने त्याहून कमी सोसले असे समजावे.

यातून पहिला आणि बिनखर्चाचा उपाय निघतो. झाडाला रात्री आकाश दिसू देऊ नये. ओसरीच्या पत्र्याखाली, जिन्याखाली, खिडकीच्या छज्जाखाली, दाट आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या झाडाखाली सरकवलेली कुंडी उघड्यावरच्या कुंडीपेक्षा उबदार राहते. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली विटांची वा दगडाची भिंत मिळाली तर उत्तमच. ती दुपारभर ऊन पिते आणि रात्री परत देते. उत्तरेकडून येणारा कोरडा वारा मात्र अडवावा. नाल्याकाठच्या, सखल जागेच्या घरांनी जास्त जपावे, कारण गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने खाली येऊन साचते.

दुसरा उपाय म्हणजे कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवणे. सुटी उभी असलेली छोटी कुंडी लवकर गारठते. मोठ्या कुंड्या बाहेरच्या बाजूला, लहान व नाजूक मध्ये, अशी दाटीवाटीची मांडणी करावी. पत्र्याचे डबे आणि काळ्या पिशव्यांतली रोपे सर्वात आधी मध्ये घ्यावीत. कुंड्यांखाली विटा, लाकडी फळी किंवा जुने पोते असावे. थेट गार फरशीवर त्या टेकू नयेत. कुंड्यांमधल्या फटींत वाळलेला पाला, तणस किंवा कुटार भरून टाकावे.

पांघरूण कसे घालावे?

पारा १० अंशांच्या खाली जाणार असे कळले की नाजूक झाडांना रात्री पांघरूण घालावे. जुने सुती लुगडे, चादर किंवा गोणपाट यासाठी फार चांगले. चार काठ्या रोवून त्यावर कापड असे घालावे की ते पानांना टेकणार नाही आणि खाली जमिनीपर्यंत पोहोचेल. पांघरुणाचा उपयोग ऊब निर्माण करण्यासाठी नाही. जमिनीतून वर येणारी ऊब धरून ठेवण्यासाठी तो आहे. म्हणून बुडाशी उघडे आणि खोडाला सुतळीने आवळलेले कापड फारसे कामाचे नाही. प्लास्टिक थेट पानांवर घालू नये. त्याला आतून पाणी सुटते, आणि जिथे ते पानाला चिकटते तिथेच पान जळाल्यासारखे होते. प्लास्टिकच हाताशी असेल तर आत कापड आणि वर प्लास्टिक, असे करावे. सकाळी ऊन आले की पांघरूण काढावे. दिवसभर झाकलेले झाड कुजू लागते.

मातीवर दोन-तीन बोटे जाडीचा पालापाचोळा, तणस किंवा भाताचा कोंडा पसरावा, म्हणजे मुळांना गोधडी मिळते. खोडाभोवती मात्र दोन बोटे जागा मोकळी ठेवावी. ज्यांच्या अंगणात वाळवीचा त्रास आहे त्यांनी हा थर मधूनमधून उचलून पाहावा. पालापाचोळा असा वापरला म्हणजे तो जाळण्याचीही गरज राहत नाही. शेतात धूर करतात म्हणून काही जण ओट्यावर झाडांसाठी शेकोटी पेटवतात, ते आम्हाला मान्य नाही. दाट वस्तीत तो धूर शेजारच्या दम्याच्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जातो. झाडांना ऊब मिळावी म्हणून उघड्या वायरी ओढून दिवे लावणेही धोक्याचे. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे तर माणसांसाठीही जीवघेणे आहे. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाचा घात करतो.

खत आणि छाटणी थांबवावी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत युरियासारखी खते बंद ठेवावीत. झाड मंदावलेले असते, त्याला आग्रह करू नये. खताने फुटलेली कोवळी पालवी थंडीत सर्वात आधी मरते. छाटणीचेही तसेच. क्रोटन, जास्वंद किंवा एक्झोरा यांच्या शेंड्याची पाने काळवंडली की हात शिवशिवतात. पण ती वाळकी पानेच खालच्या जिवंत फांदीवर छपरासारखी असतात. शिवाय छाटले की नवा फुटवा येतो, आणि पुढच्याच लाटेत तो जातो. तेव्हा कात्री फेब्रुवारीपर्यंत बाजूला ठेवावी. अपवाद फक्त मऊ खोडाच्या झाडांचा. डिफेनबेकिया-अ‍ॅग्लोनिमाचे खोड काळे पडून लिबलिबीत झाले तर तेवढा भाग धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत कापून टाकावा, नाही तर कूज खाली उतरते.

झाडपरत्वे थोडे

डिफेनबेकिया, अ‍ॅग्लोनिमा, अ‍ॅन्थुरियम ही सर्वात नाजूक. पारा १२ च्या आसपास आला की ती ओसरीत किंवा खिडकीपाशी आत घ्यावीत. घरात रांगते मूल असेल तर डिफेनबेकिया उंचावर ठेवावे. त्याचे पान चावले गेल्यास तोंडाची भयंकर आग होते व जीभ सुजते.

क्रोटन, एक्झोरा, अरेका पाम आणि मनीप्लांट आडोशाला व पांघरुणाखाली बाहेर राहू शकतात. क्रोटनची थोडी पाने गळणारच. एक्झोराची पाने तांबूस होतात, ती उन्हाळ्याकडे सावरतात.

खुरचाफा आणि अ‍ॅडेनियम यांचे तर पाने गाळून झोपी जाणे हेच थंडीतले शहाणपण. झोपलेल्या झाडाला जेवण वाढू नये. चाफ्याला महिन्यातून एक-दोनदा थोडेसे पाणी पुरे. अ‍ॅडेनियमच्या फुगीर बुंध्यात त्याची शिदोरी असते. त्याला पंधरा-वीस दिवसांत दोन-चार पेले पाणी खूप झाले. बुंधा दाबून पाहावा. किंचित मऊ लागला तर तहान समजावी, पण लिबलिबीत लागला आणि वास आला तर कूज समजावी.

कॅलेडियमची रंगीत पाने हिवाळ्यात पार नाहीशी होतात. मातीत कंद जिवंत असतो. ती कुंडी कोरडीच ठेवून कोपऱ्यात सरकवावी आणि "रिकामी कुंडी" समजून त्यात दुसरे काही लावू नये. बोगनवेल मोठी झाली की नागपूरची थंडी सहज सोसते, तिची चिंता नको. ज्यांनी पिंपळाचे रोप कुंडीत वाढवले आहे त्यांच्या झाडाची पाने हिवाळ्याच्या शेवटी पिवळी होऊन गळतात. तो त्याचा क्रमच आहे. पाठोपाठ तांबूस पालवी येते.

आपले अनेक वाचक रेल्वे, लष्कर, टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त जबलपूर, भोपाळ, दिल्लीकडे राहतात. तिथे काही रात्री खरोखरीचे दंव गोठते. त्यांनी पहिल्या वर्गातली झाडे सरळ घरात घ्यावीत आणि दुसऱ्या वर्गाला रोज रात्री पांघरूण घालावे. गोठलेल्या पानांवर सकाळचे ऊन एकदम पडू न देता ती सावलीत हळूहळू सुटू द्यावीत.

मायेच्या झाडाची गोष्ट

मागच्या एका हिवाळ्यात गोंदियाच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले होते. लग्न होऊन सासरी आली तेव्हा तिने आईच्या अंगणातल्या पिवळ्या ठिपक्यांच्या क्रोटनची फांदी आणून लावली होती. पुढे आई गेली, माहेरचे घर विकले गेले, अंगणातले मूळ झाड नव्या मालकाने बांधकामासाठी काढले. राहिली ती एवढी एक कुंडी. जानेवारीत तिचे एकूणएक पान गळाले. सासूबाई म्हणाल्या, "वाळलं ते. टाक, अन् दुसरं आण." तिने विचारले होते की टाकू का?

आम्ही तिला लिहिले की खोडावर नखाने बारीकसा ओरखडा काढून पाहा. साल निघाल्यावर आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर आणखी खाली, बुंध्याकडे पाहा. तिचे उत्तर आले की शेंडा वाळला आहे, पण जमिनीपासून वीतभर हिरवे आहे. झाड सुकते आहे असे वाटून ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होती. ते थांबवायला सांगितले. कुंडी जिन्याखालून काढून दुपारचे ऊन येणाऱ्या भिंतीशी ठेवायला सांगितली, आणि मार्च संपेपर्यंत दुसरे काहीही करू नको असे बजावले. काहीही न करणे हेच तिला सर्वात जड गेले, असे तिने नंतर कळवले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बुंध्यापासून तीन कोंब फुटले. तिच्याकडची डिफेनबेकियाची दोन झाडे मात्र वाचली नाहीत. ती आधीच बुडापर्यंत कुजली होती. सगळेच झाड वाचते असे आम्ही म्हणणार नाही.

या गोष्टीतून दुसरेही एक शिकण्यासारखे आहे. शेतकरी जसे बियाणे राखून ठेवतो, तसे मोलाच्या झाडाचे एक रोप राखून ठेवावे. क्रोटन, एक्झोरा, जास्वंद यांच्या फांद्या जून ते ऑगस्टमध्ये चांगल्या जगतात. वीतभर लांबीची, पेन्सिलीच्या जाडीची फांदी वाळूमिश्रित मातीत लावावी आणि सावलीत ठेवावी. थंडी येईपर्यंत ती मुळे धरते. एक रोप घरात खिडकीपाशी ठेवावे, एक बहिणीला किंवा शेजारणीला द्यावे. मूळ झाड एखाद्या वर्षी गेलेच, तर मागून आणता येईल असे घर एक तरी असावे. त्या भगिनीने पावसाळ्यात तसेच केले. आता तिच्या आईचे क्रोटन तीन घरांत आहे.

फेब्रुवारीनंतर

फेब्रुवारीच्या मध्यानंतर रात्री उबदार होऊ लागल्या की नखाची परीक्षा करावी. वाळका भाग हिरव्या भागापर्यंत छाटावा. पाणी हळूहळू वाढवावे. खत मात्र नवी दोन-चार पाने उघडल्यावरच द्यावे, तेही मूठभर कुजलेले शेणखत. घरात किंवा आडोशाला ठेवलेली झाडे एकदम उघड्या उन्हात आणू नयेत. आपल्याकडे मार्च अखेरीस पारा ४० कडे झेपावतो आणि थंडीतून वाचलेले झाड उन्हाने होरपळते. आठ-दहा दिवस सकाळचेच ऊन दाखवून मग ती जागेवर न्यावीत. अ‍ॅडेनियम आणि चाफा तर एप्रिलपर्यंतही वाट पाहायला लावतात. तोवर कुंडी रिकामी करू नये.

या आठवड्यात एवढे तरी अवश्य करावे. डब्यांच्या बुडाला भोके आहेत का ते पाहावे. कुंड्या उघड्या स्लॅबवरून भिंतीच्या आडोशाला आणाव्यात. जुनी लुगडी-गोणपाटे एका जागी काढून ठेवावीत. घरात पाणी घालण्याचे काम दोघा-तिघांचे असेल तर ते एकाकडेच द्यावे, म्हणजे सासू, सून आणि मुलगा असे तिघेही एकाच कुंडीत पाणी ओतणार नाहीत. आणि पाने गळाली म्हणून मार्च संपेपर्यंत एकही झाड उपटू नये.

काही अडले तर पत्र पाठवावे. पत्रात झाडाचे नाव, कुंडी मातीची, सिमेंटची की पत्र्याची, ती रात्री कुठे असते आणि पाणी किती दिवसांनी घालता, हे लिहायला विसरू नये. नाव माहीत नसेल तर एक गळालेले पान पाकिटात घालून पाठवावे. त्यावरून ओळखून आम्ही उत्तर देऊ.